जळूची पत्रिका

नाहरतली, जिल्हा गोलाघाट
२ ऑगस्ट १९९३

प्रिय पेही,

सेवा. तुझं पार्सल पोचलं. मेखला-चादर सगळ्यांना फार आवडली. मला आवडली की नाही ते अजून कळायचंय, कारण ती माझ्या हातातच आलेली नाही. आईने लगेच पेटीत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. म्हणे खऱ्या लग्नात नेसशील. म्हणजे परवा झालं ते खोटं होतं हे तिलाही कबूल आहे, मग दोनशे माणसांचा स्वयंपाक कशाला केला ते तूच तिला विचार.

देउतांची तू एकुलती एक बहीण, आणि भाचीच्या तोलनी बियाला, न्हाण आल्याच्या लग्नाला, तूच नाहीस, यावरून शेजारच्या बगीखुडीने तुझी भरपूर उणीदुणी काढली. नर्स झाली म्हणून काय लाटसाहेब लागून गेली का, असं चारचौघींत म्हणाली. मी तुझी बाजू घेणार होते, पण नवरीने बोलायचं नसतं.

आता सगळं पहिल्यापासून ऐक. भातलावणी चालू होती. मी बायकांचा चहा घेऊन शेतात गेले आणि हौसेने घटकाभर चिखलात उतरले. वर आले तर बगीखुडीने माझ्या मेखलेकडे पाहिलं आणि बांधावरच उभी राहून जीभ हलवत शुभकार्याची अशी काही उरुली दिली की पलीकडच्या शेतातल्या बायकांनीही सूर धरला. मला काही समजायच्या आत मी घरी, कोपऱ्यातल्या खोलीत, गवताच्या बिछान्यावर. खिडकीला चादर लावलेली. सूर्य बघायचा नाही, पुरुषाचं तोंड बघायचं नाही, भात खायचा नाही. भिजवलेले मूग, केळी आणि दूध. गणक आला. त्याने बाहेरूनच दिवस-वेळ विचारली, शनिवार, दुपारचे साडेबारा, आणि पंचांग काढून माझं उरलेलं आयुष्य लिहून दिलं. नवरा उत्तरेकडचा, मुलं तीन, पाण्यापासून जपावं. वर म्हणाला, योग जरा अवघड आहे, चौथ्याऐवजी सातव्या दिवशी न्हाऊ घाला. त्याचं काय जातं, मूग मला खायचे होते.

सातव्या दिवशी हळद लावून न्हाणं, नवरीचा साज, आणि केळीच्या झाडाशी लग्न. जावई उंच आहे, हिरवा आहे आणि उलट बोलत नाही. बायकांनी गाण्यांतून माझी यथेच्छ टर उडवली. नवरीचं नाक इतकं नकटं की नवऱ्याने पान फिरवलं, हे कडवं बगीखुडीचं. शेवटी ओटीत कापडात गुंडाळलेलं बाळ दिलं, सुपाऱ्यांचं.

आईला इतकी खुशीत मी कधी पाहिली नव्हती. वर्गात माझीच एकटीची राहिली होती ना. बिहूपासून बायका तिला विचारत होत्या, हेमप्रभा, तुझ्या मुलीचं काही कळलं का. आता कोणी विचारत नाही.

पेही, एक गोष्ट तुला सांगायची होती, पण कागदावर नको. पूजेला येशील तेव्हा सांगेन.

तुझी निजरा


तेजपूर
१९ ऑगस्ट १९९३

प्रिय निजरा माजनी,

बगीखुडीला सांग, लाटसाहेबाला निदान रविवारची सुट्टी तरी मिळत असे. पूजेलाही मला येता येईलसं दिसत नाही. तेव्हा जे काय सांगायचंय ते खुशाल लिही, इथे माझी पत्रं फोडायला मांजरसुद्धा नाही.

आणि तुला काय विचारायचंय ते मला न विचारताच कळलं. सतरा वर्षं नर्स आहे मी, तुझ्यासारख्या मुली रोज येतात, नखं कुरतडत बसतात आणि जाताना दारातून विचारतात. तर तुला दाराशी जायची वेळ येऊ न देता सांगते.

गर्भाशयात दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलं तर त्याच्या बिछान्यासाठी. बाळ राहिलं नाही की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडतं. झालं. यात पाप नाही, शाप नाही, आणि विटाळ हा शब्द मी माझ्या वॉर्डात कोणाला बोलू देत नाही. पहिली एक-दोन वर्षं पाळी मनाला येईल तशी येते. कधी तीन आठवड्यांत हजर, कधी दोन महिने दांडी. घाबरायचं नाही. आठवड्याच्या वर चालली, तासातासाला कापड बदलायची वेळ आली किंवा दुखण्याने शाळा बुडायला लागली, तर मात्र मला लिहायचं. फडकी साबणाने धुऊन उन्हात वाळवायची. कोणी बघेल म्हणून गोठ्यामागे ओलीच दडपून ठेवशील तर खाज माझ्याकडे घेऊन येशील. पालेभाजी खा, बारके मासे काट्यासकट खा. आणि कॅलेंडरवर खूण करत जा.

कोणाला ती दहाव्या वर्षी येते, कोणाला पंधराव्या. सोळा भरले तरी आली नाही तर आम्ही मुलीला तपासतो. तुझ्या बाबतीत आता तो प्रश्नच मिटला.

जावयाला पाणी घालत जा.

तुझी पेही


नाहरतली
२८ नोव्हेंबर १९९३

प्रिय पेही,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा वर्गातल्या पूरबीला वाचून दाखवलं. ती गोरीमोरी झाली, पण मग म्हणाली तुझी पेही आम्हाला उसनी दे.

माझं अगदी उत्तम चाललंय. कॅलेंडरवर खुणा आहेत. बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. आई बगीखुडीला सांगते, माझी मुलगी म्हणजे घड्याळ. तीन दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही, पाणी भरायचं नाही, नामघराकडे भजनालाही फिरकायचं नाही. मी आपली मागच्या ओसरीवर पुस्तक घेऊन लोळते. बाकीच्या मुली कुरकुरतात, मला तर ही सुट्टी वाटते.

एक शंका. गणकाला वेळच चुकीची सांगितली गेली असेल, तर त्याने लिहिलेलं खरं होतं का? सहज विचारते.

जे सांगायचं होतं ते काही विशेष नव्हतं. सोडून दे.

तुझी निजरा

ता. क. जावयाला बगीखुडीच्या गाईने खाल्लं. आईने ही गोष्ट बाहेर कुठे सांगायची नाही म्हणून बजावलंय.


नाहरतली
११ सप्टेंबर १९९४

प्रिय तरु,

आशीर्वाद. माझं अक्षर तुला लागलं तर नशीब, चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. तुझ्या दादाला हे लिहायला सांगणं बरं दिसत नाही म्हणून स्वतःच बसले आहे.

निजराच्या पोटात दुखतं. गेल्या फाल्गुनापासून दर महिन्याला. तीन-चार दिवस पोटाशी पाय घेऊन पडून राहते, दात-ओठ खाते पण रडत नाही. मागच्या महिन्यात दोनदा शाळा बुडाली. तू म्हणशील पाळीचं दुखणं असेल, तर तसं नाही. पाळीच्या दिवसांत ती उलट मजेत असते, पुस्तक वाचत पडते, हसते-खिदळते. पाळी तिची कशी अगदी वेळच्या वेळी, मी स्वतः फडकी वाळताना बघते. ती वाळून घडी होऊन पंधरा दिवस झाले की मग हे दुखणं येतं.

बगीखुडी म्हणते केळ गाईने खाल्ली त्याचा हा दोष. गाय तिचीच, पण दोष आमचा. एका मांत्रिकाकडून पाणी मंतरून आणलं, निजराने ते कोंबडीला पाजलं.

काय करू ते कळव. दहावीची परीक्षा तोंडावर आहे.

तुझी नबौ,
हेमप्रभा


तेजपूर
२४ सप्टेंबर १९९४

नबौ,

नमस्कार. तुमचं अक्षर आमच्या डॉक्टरांपेक्षा शंभरपट बरं आहे.

मुळीच काळजी करू नका. तुम्ही इतकं नीट लिहिलंत की मला इथे बसून निदान करता आलं. दोन पाळ्यांच्या बरोबर मध्ये बीजकोशातून बीज सुटतं, आणि काहींना त्या वेळी पोटात दुखतं. हे अगदी पुस्तकातलं दुखणं आहे. चार दिवस जरा जास्त वाटतात, पण प्रत्येकीची प्रकृती वेगळी. गरम पाण्याची पिशवी पाठवते आहे, सोबत गोळ्या. दुखायला लागल्याबरोबर एक, जेवणानंतर.

ज्या मुलीची पाळी इतकी नियमित आहे तिच्या पोटात काही गडबड असूच शकत नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. आमच्याकडे ज्या येतात त्यांची दुःखं बघा. कोणाची चार-चार महिने येत नाही आणि हनुवटीवर केस येतात, कोणाची आली की थांबत नाही आणि पोरगी कागदासारखी पांढरी पडते. तुमच्या घड्याळाला कोणाची दृष्ट लागू नये.

मांत्रिकाचं पाणी पिऊन कोंबडी कशी आहे ते मात्र कळवा.

तुमची तरुलता


नाहरतली
८ जानेवारी १९९५

पेही,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मी आधी दोनदा लिहून घातलंय.

मला पाळी येत नाही. कधी आलेलीच नाही. त्या दिवशी चिखलातून वर आले तेव्हा मला जळू लागली होती, मांडीला, वरच्या बाजूला. तुला ठाऊकच आहे, जळू सुटली तरी रक्त थांबत नाही. बगीखुडीने मेखलेवरचा डाग पाहिला आणि उरुली दिली. मी सांगायला तोंड उघडलं तोवर एकीने मला मिठी मारली होती आणि दुसरीने डोक्यावर पदर टाकला होता. खोलीत बसवल्यावर मेखलेच्या घडीत ती बया सापडली, पिऊन टम्म. मी तिला खिडकीबाहेर टाकली. बाहेर आई आनंदाने रडत होती आणि देउता सामानाची यादी करत होते. आता कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, आज ना उद्या येईलच, मग खोट्याचं आपोआप खरं होऊन जाईल. गणकाने साडेबाराची वेळ धरून लिहिलं ते सगळं त्या जळूचं भविष्य आहे. उत्तरेकडचा नवरा तिला मिळायचाय, तीन मुलंही तिलाच. तो ते वाचत होता तेव्हा मला हसू आवरेना, तर बायका म्हणाल्या, बघा कशी लाजली.

मग दर अठ्ठावीस दिवसांनी मी कोरी फडकी पाण्यात बुडवून वाळत घालत गेले. तू लिहिलं होतंस उन्हात घाल, म्हणून अंगणातच घातली, आईला दिसतील अशी. सुट्टी मिळायची हे खरं आहे. पण दर वेळी आई त्या दोरीकडे बघायची तेव्हा मला तिच्याकडे बघवायचं नाही.

दुखणं मात्र खरं आहे. गोळीने तासभर थांबतं. कोणाला सांगू, काय सांगू, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता खाली काहीतरी जड बसून राहिल्यासारखं वाटतं. ओटीपोटात हाताला गोळा लागतो. आणि काल लघवीला बसले तर होईचना, सकाळची दुपार झाली तेव्हा कुठे थोडी झाली. मला भीती वाटते पेही. पूरबीची वहिनी सांगत होती, तिच्या माहेरी एकीला कधीच आली नाही, तर नवऱ्याने परत पाठवली आणि लोक म्हणायला लागले ती बाईच नाही. मी आहे ना?

आईला सांगू नकोस. तिने दोनशे माणसांना जेवू घातलंय. ती कुठे तोंड दाखवणार?

निजरा


तेजपूर
१२ जानेवारी १९९५

निजरा,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे, टपालाला वेळ नाही.

तू मुलगी आहेस, अख्खीच्या अख्खी. दर महिन्याला दुखतं तीच तुझी पाळी. ती वर्षभर येते आहे, पण माझा अंदाज असा की तिला बाहेर पडायला वाट नाही. वाटेच्या तोंडाशी प्रत्येक मुलीला जन्मतःच एक पातळ पडदा असतो आणि त्याला भोक असतं. एखादीच्या पडद्याला ते नसतं. मग रक्त आतच साठतं, गोळा होतो, लघवीची नळी दाबली जाते. अशा चार मुली मी पाहिल्या आहेत. चौघींचंही दहा-पंधरा मिनिटांचं काम झालं आणि चौघी आपल्या पायांनी घरी गेल्या. पण आता थांबायचं नाही.

दादाला तार केली आहे, माझा पाय मोडला, निजराला मदतीला पाठवा. खोटं बोलणं आपल्या घराण्यातच आहे असं दिसतं. शनिवारच्या पहिल्या बसने ये, मी स्टँडवर दोन्ही पायांवर उभी असेन. त्याआधी लघवी पुन्हा अडली तर इथली वाट बघू नको, तिथल्याच इस्पितळात जा आणि डॉक्टरला जळूपासून सगळं सांग. खोटं सांगितलंस तर तो जळूला औषध देईल, तुला नाही.

आणि एक. रोज वीस बायकांना मी पहिला प्रश्न विचारते, शेवटची पाळी कधी आली. उत्तर मुलीच्या तोंडून घ्यायचं, सोबत आलेल्या बाईच्या नाही, हे मीच नवीन पोरींना शिकवते. तुझ्या बाबतीत मी नबौच्या पत्रावर विसंबले आणि वर लिहून दिलं की काही गडबड नाही. तुला विचारलंच नाही. चार महिने तू माझ्यामुळे जास्त सोसलंस. मला माफ कर.

पेही


तेजपूर
१५ जानेवारी १९९५

प्रिय आई,

पेहीचा पाय धडधाकट आहे. आजारी मी आहे. बसच्या ड्रायव्हरने आणलेलं हे पत्र देउतांना वाचायला देऊ नकोस, तूच वाच, हळूहळू वाचलंस तरी चालेल.

काल इथल्या डॉक्टरबाईंनी मला तपासलं. त्यांना दोन मिनिटांत कळलं. माझी पाळी आतच अडकून पडली आहे, बाहेर यायला वाट नाही, म्हणून दुखतं. नळी घालून लघवी मोकळी केली आहे, आता बरं वाटतं. मंगळवारी एक छोटं ऑपरेशन करायचं आहे. मी सोळाची असल्यामुळे घरच्या मोठ्या माणसाची सही लागते. देउता न वाचता सही करतील, पण पेही म्हणते सही आईची हवी, आणि ती कशावर करते आहे ते तिला ठाऊक हवं. मी म्हटलं मग तूच लिही, तर तिने माझ्यापुढे कागद ठेवला आणि गोड पिठा तळायला निघून गेली.

तुला कळलं असेलच. अडकलेली पाळी वर्षभर दोरीवर वाळत होती ती कशी, असं तुझ्या मनात आलं असेल. ती फडकी कोरी होती. शेतात मला जळू लागली होती. मी तुला दीड वर्ष फसवलं. तू इतकी आनंदात होतीस की मला तुझा आनंद मोडवला नाही, आणि नंतर धीर झाला नाही.

गावात काय सांगायचं ते आपण नंतर ठरवू. तू रागावून ये, मारायचं असेल तर मार, पण ये. मला ऑपरेशनच्या आधी तू हवी आहेस.

तुझी निजरा


नाहरतली
३ फेब्रुवारी १९९५

प्रिय तरु,

आशीर्वाद. आम्ही दोघी सुखरूप पोचलो. निजरा आजपासून शाळेत गेली. गोळ्या वेळेवर घेते आहे. दुखत नाही. बगीखुडीला मी सांगितलं की आतड्याचं ऑपरेशन झालं, आणि ती गाईचं नाव पुन्हा काढणार नाही असं बघितलं.

तिथे असताना मी तुला कितीतरी मूर्खासारखे प्रश्न विचारले. पडदा कापला तर पुढे लग्नात काय सांगायचं, असंही विचारलं. तू म्हणालीस, पहिला नवरा गाईने खाल्ला, दुसऱ्याला जे सांगायचं ते डॉक्टरबाई कागदावर लिहून देतील, मुलगी जिवंत हवी की पडदा हवा ते तेवढं सांगा. मी तेव्हा तुझ्यावर चिडले. ऑपरेशनच्या खोलीतून परिचारिका ते भांडं घेऊन बाहेर आली, काळं-काळं रक्त, आणि म्हणाली वर्षभराचं साठलेलं आहे, तेव्हा मी खालीच बसले. तू मला धरलंस आणि म्हणालीस, नबौ, तुम्हाला कुठे माहीत होतं. त्यावर मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला इथे येऊनही सोडत नाही, म्हणून लिहिते.

मला माहीत होतं. सगळं नव्हतं, पण जळूचं माहीत होतं. पहिल्याच दिवशी कपडे बदलताना तिच्या मांडीवरची खूण मी पाहिली. जन्म चिखलात गेला माझा, जळूची तीन टोकांची खूण मला कळणार नाही का. तरी मी बोलले नाही. बाहेर उरुली चालू होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं आता उघडून काय करू. मला स्वतःला सतरावं सरेपर्यंत आली नव्हती, हे तुझ्या दादालाही ठाऊक नाही. लोकांनी माझं जगणं नकोसं केलं होतं. दोन स्थळं मोडली. माझ्या आईने मला कोणाच्या लग्नाला नेणं बंद केलं होतं. बायका मला निजराबद्दल विचारायला लागल्या तेव्हा मला तेच दिवस आठवायचे. म्हणून ती उरुली मी घेतली, देवाने पाठवली म्हणून घेतली.

मग पुढच्या महिन्यापासून दोरीवर फडकी दिसायला लागली. मला वाटलं आली बाई खरोखर, देवाने माझी लाज राखली. दर महिन्याला मी त्या दोरीकडे बघून हात जोडायची. ती मला फसवत होती आणि मी तिला, आणि दोघींचंही पोट दुखत होतं.

तिला हे सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस, मी सांगेन. कधी ते विचारू नकोस.

तुझी नबौ,
हेमप्रभा


नाहरतली
२७ फेब्रुवारी १९९५

प्रिय पेही,

सेवा. कॅलेंडरवर खूण केली आहे, आणि या वेळी शाईने.

परवा सकाळी आली. मी शाळेला निघाले होते, वेणीसुद्धा झाली होती. पहिल्यांदा वाटलं पुन्हा जळूच. माघात कुठली जळू, पण मी पाय झटकून बघितला, खोटं कशाला सांगू. मग मी मागच्या ओसरीवर जाऊन बसले आणि कितीतरी वेळ मला हसूच येत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच, साधं लाल रक्त, पोटात थोडी कळ आणि कंबर जड.

आईला सांगायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत जायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. ती मासे साफ करत होती. मी म्हटलं, आई, आली. तिने मान वर केली. मला वाटलं ती फडकं बघायला मागेल. माझ्यासारखीचं कोणी का ऐकावं, मी असते तर मागितलं असतं. ती उठली, हात धुतले आणि मला दंडाला धरून आत घेतलं. मी म्हणाले अगं विटाळ, तर म्हणाली तेजपुरात तो शब्द चालत नाही म्हणतात. चुलीपाशी पाट दिला. आणि मग, पेही, मासे तसेच पडले होते, चूल नुसती जळत होती, तिने मला जळूचं सगळं सांगितलं. तिने काय पाहिलं होतं ते, आणि तिचं स्वतःचं सतराव्या वर्षापर्यंतचं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मला राग आला. खूप आला. माझ्या डोक्यात एकच आलं, की तू त्या दिवशी बोलली असतीस तर मला एवढं सोसावं लागलं नसतं. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, हो. फक्त हो. मला शाळेला उशीर झाला तो झालाच.

मग तिने विचारलं, "दुखतंय का?"

पेही, दीड वर्षात गणकाने वेळ विचारली, बायकांनी नक्षत्र विचारलं, बगीखुडीने गाईचं विचारलं. दुखणं तर आईला दिसतच होतं, ते तिने तुला पत्रातून विचारलं, मांत्रिकाला विचारलं, पण मला विचारायला ती घाबरत होती, मी जळूचं खरं सांगेन म्हणून.

मी म्हटलं, थोडं दुखतंय. तिने भात वाढला, मी तिच्या शेजारी बसून जेवले, आणि ती माझ्या कमरेवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

तुझी निजरा